न्यायमूर्ती दावर आणि त्यांचे अशील

शालेय पुस्तकात न्यायमूर्ती दिनशा दावर आम्हांला भेटले ते एका वाक्यापुरते: टिळकांना सहा वर्षांची हद्दपारी ठोठावणारे न्यायाधीश. पुढे मुंबई उच्च न्यायालयात ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर टिळकांचे उद्गार कोरलेल्या शिळेपुढे (अनावरण १९५६, सरन्यायाधीश छागलांच्या हस्ते) आम्ही हात जोडले, तेव्हाही दावर आठवले ते खलनायक म्हणूनच.

या समजुतीला तडा गेला तो एका तपशिलाने. १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर! जामीन मिळालाही.

१९०६ साली दावर न्यायासनावर आले. १९०८मध्ये त्यांच्यापुढे टिळकच उभे, आणि जामीन मागणारे बॅरिस्टर होते जीना. अर्ज फेटाळला गेला. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मते पडली सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास शिक्षा सुनावली गेली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली.

दावर फिरले, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. वकील अशिलाची बाजू मांडतो, ती त्याची श्रद्धा असेलच असे नाही. ज्युरीचा कौलही ज्युरीचाच. परंतु शिक्षेचे माप दावरांचे होते, आणि ती सुनावताना त्या लेखांमागची बुद्धी रोगट व विकृत ठरवणारे शब्दही त्यांचेच. जुन्या अशिलाबद्दल इतके बोलण्याची कायद्याने त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. आमचा आक्षेप आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायमूर्ती बीमन यांच्यासह त्यांनी पारशी पंचायतीच्या खटल्याचा निकाल दिला. पारशी कोणास म्हणावे, या वादात तो निकाल आजही उद्धृत होतो. मराठी वाचकाला मात्र त्याची गंधवार्ता नसते!

पुढे दावरांना 'सर' किताब मिळाला. वकीलवर्गाने मेजवानी योजली, तेव्हा सरकारला हवे ते करून हा किताब मिळवला गेला अशा आशयाचा जळजळीत शेरा जीनांनी त्या पत्रकावर मारला. छागलांनी आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे, दावरांनी जीनांना आपल्या दालनात बोलावून विचारले: मी तुम्हांला नेहमी चांगले वागवले ना? जीना होय म्हणाले. मग असे का लिहिलेत? त्यावर, सत्य वाटले म्हणून, असे उत्तर त्यांना मिळाले.