बार उडण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली, की लोकांच्या घरात चकलीच्या भाजणीचा वास सुटतो आणि माझ्या पोटात गोळा उठतो. वयाची 75 वर्षे उलटली, तरी ह्यात फरक नाही. गल्लीत कुणी पोरगे उदबत्ती घेऊन वाकलेले दिसले, की मी रस्त्याची दुसरी बाजू धरतो. आमच्या घरी हे सर्वांना ठाऊक आहे. पण ह्याच मनुष्याने एके काळी लष्करी रायफलीने बऱ्यापैकी नेमबाजी केली होती, असे सांगितले तर आमचा मुलगा गालातल्या गालात हसतो. म्हणून म्हटले, एकदा ती हकीकत लिहूनच टाकावी.

सुरुवात झाली 1956 च्या दिवाळीत. आम्ही तेव्हा पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. मी सात वर्षांचा. दादाने चौकात एक तोटा लावला. वात फुरफुरली आणि विझल्यासारखी झाली. बराच वेळ काही होईना, म्हणून मी वाकून पाहायला गेलो, आणि नेमका त्याच क्षणी तो उडाला. भुवया होरपळल्या, कानात दोन दिवस रातकिडे ओरडत राहिले. “थोडक्यात निभावलं, बाकी काही झालं नाही,” असे आई शेजारणींना सांगत असे. पण झाले होते ते मला ठाऊक होते. त्या दिवसापासून कुणी वातीला विस्तव लावला, की बार उडण्याच्या पुष्कळ आधी माझे डोळे गच्च मिटत आणि खांदे कानापर्यंत जात. दादाने माझे नाव ‘भागूबाई’ ठेवले. वाड्यातल्या पोरांनी ते आनंदाने उचलले.

आमचे अण्णा लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. उभा जन्म त्यांनी काडतुसांची, बुटांची आणि खेचरांच्या चाऱ्याची बिले तपासण्यात घालवला. आपल्या दोन मुलांपैकी एकाने तरी त्या बिलांच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे प्रत्यक्ष फौजेत जावे, अशी त्यांची मनातून इच्छा होती. दादाला जाड भिंगाचा चष्मा लागला आणि ती इच्छा सरकत सरकत माझ्या अंगावर आली. अण्णा कधी बोलले नाहीत. पण न बोलणाऱ्या बापाची इच्छा मुलाला जास्त ऐकू येते.

त्यातून सुटायलाही वाट नव्हती. चीनच्या आक्रमणानंतर 1963 साली कॉलेजातल्या मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली होती. ती सक्ती 1968 साली उठली. मी नेमका मधल्या काळात कॉलेजात गेलो. कवायत मला आवडे. पट्ट्याचे पितळ चमकवणे, रायफलीच्या नळीतून चिंधी ओढून ती साफ करणे, ह्यात तर मी पटाईत होतो. रायफल गप्प असे तोवर आमचे उत्तम जमे.

1966 च्या डिसेंबरात दहा दिवसांचा कॅंप लागला. पहिल्या दिवशी 25 यार्डांवर .22 ची रायफल. तिला धक्का असा नसतोच. आवाजही वाळकी फांदी मोडावी एवढाच. तरीही माझ्या पाच गोळ्यांपैकी दोन कागदाबाहेर गेल्या आणि एक शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर सापडली. तो मुलगा खूष झाला. मग आली .303. वजन जवळजवळ चार किलो आणि आवाज असा, की जमिनीला टेकलेल्या पोटात हादरा बसावा. आज रेंजवर कानाला संरक्षण असते. आम्ही कानात कापसाचे बोळे घालत असू, आणि ते नेमक्या वेळी पडत. सैल धरली तर रायफल खांद्याला अशी लाथ मारी, की रात्री त्या कुशीवर झोपता येऊ नये. शंभर यार्डांवरून मी पाच गोळ्या झाडल्या. बटाच्या खंदकातून लाल झेंडी वर आली आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हलली. म्हणजे एकही लागली नव्हती. मागून कुणीतरी मोजणी केली, “वॉश आऊट!”

आमचे उस्ताद सातारा भागातले एक हवालदार होते. ठेंगणे, काळेसावळे, मिशा पिकायला लागलेल्या. दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी पालथे पडले. मला वाटले, हे आता टार्गेट पाहतील. पण ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी गोळी झाडली.

“बोल, सुटली तेव्हा फोरसाईट कुठं होती?” त्यांनी विचारले.

“मधोमध, उस्ताद.”

“खोटं.”

एवढेच बोलून त्यांनी रायफल घेतली, मला समोर बघायला सांगितले, मॅगझीन स्वतःच्या हाताने भरले आणि ती मला परत दिली. मी श्वास कोंडला आणि घोडा ओढला. ‘खट्’ असा आवाज झाला. आत ड्रिलचे काडतूस होते. त्यात दारूच नसते. गोळी सुटली नाही, धक्का बसला नाही, धूर नाही, काही नाही. पण माझी रायफल! तिची नळी खाली माना टाकल्यासारखी वाळूच्या पोत्यात जाऊन बसली होती. खांदा पुढे झेपावला होता, डोळे मिटले होते आणि दात विचकले होते. न उडालेल्या बाराला भिऊन मी एवढा तमाशा केला होता. सगळी प्लॅटून हसली. मला सदाशिव पेठेतला तो चौक आठवला.

उस्ताद मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “पोरा, धक्का हिचा नव्हं, तुझा हाय. आता सांग, फोरसाईट कुठं होती?”

मी बराच वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, “दिसली नाही, उस्ताद. डोळे मिटले होते.”

“झालं,” ते म्हणाले, “आता शिकशील.”

माझ्या भित्रेपणाबद्दल मी आयुष्यात प्रथमच खरे बोललो होतो, आणि ज्याच्यापाशी बोललो त्याने मला भागूबाई म्हटले नाही. त्याने ते दुखणे म्हणून घेतले आणि औषध सुरू केले.

औषध साधेच होते. संध्याकाळी रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा पाहून ते मला पालथे पाडत आणि नळीवर, अगदी पुढच्या टोकाजवळ, दहा पैशांचे नाणे ठेवत. घोडा ओढायचा, पण नाणे पडता कामा नये. पहिल्या दिवशी मी ते नाणे तीसेक वेळा गवतातून शोधून काढले. त्या रायफलीचा घोडा दोन टप्प्यांत चाले. पहिला दाब सहज येई, मग बोटाला अडल्यासारखे वाटे, आणि त्या अडलेल्या जागेपासून दुसरा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. माझी खोड अशी, की पहिला दाब घेतला की ‘एकदाचे होऊन जाऊ दे’ म्हणून मी बोटाला हिसका देई. त्या हिशक्याने सगळा पंजा आवळे आणि गोळी खाली उजवीकडे मातीत जाई. उस्ताद म्हणत, “तू मारू नकोस. तू फकस्त दाब वाढीव. कधी सुटायचं ते तिला ठरवू दे.” कधी सुटणार हे आपल्यालाच नेमके ठाऊक नसले, तर भ्यायचे कोणत्या क्षणाला? शरीराला आगाऊ दचकायला मुहूर्तच सापडत नाही.

सकाळी रेंजवर ते खरी आणि खोटी काडतुसे माझ्या नकळत मिसळून भरत. खरे निघाले तर धडाका, खोटे निघाले तर ‘खट्’, आणि त्या ‘खट्’ला नळी हलली की माझी चोरी उघडी. प्रत्येक गोळीनंतर तोच प्रश्न, “बोल, कुठं होती?” आणि मी प्रामाणिकपणे सांगायचे: “खाली होती.” “दिसली नाही.” “डावीकडे, थोडी.” टार्गेट पाहण्याआधी आपली गोळी कुठे गेली हे सांगता आले, म्हणजे डोळे शेवटपर्यंत उघडे होते, असा त्यांचा हिशेब. सातव्या दिवशी मी म्हणालो, “मधोमध,” आणि ते ‘खोटं’ म्हणाले नाहीत.

पुढे बँकेत नोकरीला असताना मी ह्या विषयावर थोडेफार वाचले, तेव्हा एक गंमत कळली. मोठा आवाज ऐकून माणसाची पापणी मिटायला निदान तीस-चाळीस सहस्रांश सेकंद लागतात. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडायला लागतात एक-दोन सहस्रांश. म्हणजे खऱ्या आवाजाला दचकून कुणाचा नेम चुकूच शकत नाही. दचकेपर्यंत गोळी केव्हाच निघून गेलेली असते. नेम चुकतो तो अजून न झालेल्या आवाजाला दचकल्यामुळे. आमच्या हवालदारांनी हे वाचलेले नव्हते. त्यांनी पोरांचे चेहरे वाचले होते.

कॅंपच्या शेवटच्या दिवशी ग्रुपिंगची परीक्षा झाली. ग्रुपिंगमध्ये मधल्या ठिपक्याला मान नसतो. पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, ते पाहतात. गोळ्या एकत्र पडून बाजूला गेल्या, तर साईट सरकवून दुरुस्ती करता येते. दाही दिशांना गेल्या, तर दुरुस्त करायचे ते माणसालाच. माझ्या पाचही गोळ्यांची भोके माझ्या पंजाखाली झाकली गेली. बक्षीस मिळाले नाही. उस्तादांनी तो कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि ते पुढच्या मुलाशेजारी पालथे पडले.

घरी आल्यावर कागद अण्णांना दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि भोके मोजली. म्हणाले, “पाच. इतकी वर्षं बिलं पास केली, पण असं भोक पडतं ते आज पाहिलं.” पुढे मी फौजेत गेलो नाही. निवडीच्या वैद्यकीय तपासणीत त्या जुन्या तोट्याच्या बाजूचा माझा कान नापास झाला. अण्णा त्यावरही काही बोलले नाहीत. 1984 साली ते गेले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पेन्शनच्या कागदांखाली तो टार्गेटचा कागद सापडला.

रायफल सुटली, पण विद्या कामाला आली ती 1998 साली. पत्नीच्या गाठीच्या तपासणीचा अहवाल मी प्रयोगशाळेतून आणला आणि ‘डॉक्टरांसमोरच उघडू’ असे म्हणून कपाटात ठेवून दिला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, “तुम्ही त्या कपाटाकडे बघतसुद्धा नाही. उघडा ना एकदा.” तेव्हा माझ्या लक्षात आले, की डोळे मिटलेले आहेत, खांदे कानापर्यंत गेले आहेत. पाकीट घेऊन मी तिच्या शेजारी बसलो आणि सावकाश उघडले. अहवाल चांगला नव्हता. पण दोघांनीही तो अथपासून इतिपर्यंत वाचला, त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यानंतर तिला नऊ वर्षे मिळाली. डोळे मिटल्याने बार टळत नाही. आपला हात तेवढा हलतो.

आता आमची चौदा वर्षांची नात एअर रायफल चालवते. 2024 साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचे ब्रॉंझपदक मिळवले, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे शिरले. ह्या रायफलीला ना धडाका ना धक्का. घोडा इतका हलका, की फुंकर पुरावी. दहा मीटरवर दहाचा ठिपका मात्र अर्ध्या मिलिमीटरचा. मध्यंतरी तिचे गुण एकाएकी घसरले आणि पोर रडकुंडीला आली. मी रेंजवर जाऊन मागे बसलो आणि टार्गेटऐवजी तिच्याकडे पाहू लागलो. वर्तुळ बरोबर मध्ये आले, की तिचे बोट झडप घालत होते.

घरी आल्यावर मी नळीवर नाणे ठेवले. ती म्हणाली, “आजोबा, ह्यात आवाजच नाही, मग मी भिईन कशाला?”

“तू भीत नाहीस ग,” मी म्हणालो, “तू हावरटपणा करतेस. दहा दिसला, की तो पळून जाईल म्हणून धरायला धावतेस. माझं बोट भीतीनं हिसका देई, तुझं हावेनं देतंय.”

तिच्या सरांचेही निदान तेच निघाले. त्यांनी तिला महिनाभर ठिपका नसलेल्या कोऱ्या कागदावर नेम धरायला लावले. कोऱ्या कागदावर हाव कशाची धरणार? हळूहळू बोट शहाणे झाले. प्रत्येक नेमानंतर मी विचारी, “बोल, कुठं होती?” आणि ती खरे सांगे.

परवा वसुबारसेच्या संध्याकाळी अंगणात शेजारच्या मुलाने एक बार लावला. नातीने माझा हात घट्ट धरून ठेवला, म्हणून पळता आले नाही. वात फुरफुरली. मोठा आवाज झाला. धूर विरल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, “बोला आजोबा, उडाला तेव्हा ठिणगी कुठं होती?”

मी म्हणालो, “दिसली नाही ग. डोळे मिटले होते.”