मॅकोम्ब काउंटीतल्या चिठ्ठ्या

मिशिगन कोणाकडे जाणार, हा प्रश्न २०१६ च्या सुरुवातीला कुणाला पडतच नव्हता. १९८८ नंतर तिथे अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नव्हता, आणि २०१२ मध्ये ओबामांनी ते राज्य जवळजवळ साडेचार लाख मतांनी खिशात घातलं होतं. मी तेव्हा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहत होते आणि नोकरी माउंड रोडवरच्या एका कारखान्यात होती. डिक्विंडर रोड ओलांडला की ओकलंड काउंटी संपते आणि मॅकोम्ब लागते. अलीकडे घरांपुढच्या हिरवळीवर दोन्ही पक्षांच्या पाट्या, त्याही मोजक्याच. पलीकडे स्टर्लिंग हाइट्समध्ये शिरलं की ट्रम्पच ट्रम्प. हिलरींची एखादी पाटी दिसली तर मान वळवून बघावंसं वाटे. ऑगस्टपर्यंत मला रस्त्याची ही सीमारेषा पाट्यांवरूनच कळायला लागली होती.

मॅकोम्ब हे निवडणुकीच्या अभ्यासकांचं जुनं तीर्थक्षेत्र. १९६० मध्ये केनेडींना भरभरून मतं देणारी ही मोटार कामगारांची उपनगरं १९८४ मध्ये रेगनकडे गेली, म्हणून १९८५ मध्ये स्टॅन्ली ग्रीनबर्ग नावाचे संशोधक तिथे जाऊन लोकांशी बोलत बसले. ‘रेगन डेमोक्रॅट’ म्हणजे कोण, हे जगाला कळलं ते बरंचसं इथल्या माणसांवरून. ओबामांनी ही काउंटी दोनदा जिंकली. माणसं तीच होती.

आमचा कारखाना मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग बनवायचा. मी क्वालिटीत. दर अध्यक्षीय निवडणुकीला टूलरूममध्ये कॉफीचा एक रिकामा डबा फिरायचा. त्यात पाच डॉलर आणि एक चिठ्ठी टाकायची: देशात कोण, मिशिगनमध्ये कोण, विजेत्याला इलेक्टोरल मतं किती. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा, त्याचा डबा. त्या वर्षी डबा सांभाळायला माझ्याकडे आला, कारण क्वालिटीवाल्यांवर वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर आणि खालचे कामगार सारखाच अविश्वास ठेवतात.

चाचण्यांचे आकडे मी सुरुवातीपासून संशयानेच बघत होते आणि त्याला कारण ८ मार्च. त्या दिवशी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. चाचण्यांत हिलरी वीस-वीस टक्क्यांनी पुढे होत्या. जिंकले बर्नी सँडर्स, दीड टक्क्याने. आमच्या धंद्यात एखाद्या गेजने इतकं चुकीचं माप दाखवलं तर त्याला तिथल्या तिथे लाल टॅग लागतो, ते कपाटात जातं आणि कॅलिब्रेशन होऊन आल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही. त्या गेजने तपासलेला माल पुन्हा तपासावा लागतो तो वेगळाच. इथे मात्र दोन दिवस आश्चर्य व्यक्त झालं आणि सगळे पुढच्या राज्याकडे वळले. नोव्हेंबरसाठी तेच गेज वापरात राहिलं.

बिघाड नेमका कुठे होता, ते २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेच्या समितीने लिहून काढलं. फोनवर उत्तरं देणाऱ्यांत कॉलेज शिकलेल्यांचं प्रमाण नेहमीच जास्त असतं. २०१६ मध्ये कॉलेज शिकलेले हिलरींकडे आणि न शिकलेले ट्रम्पकडे असे स्पष्ट फुटले होते, आणि राज्यपातळीवरच्या बऱ्याच चाचण्यांनी शिक्षणाचा हिशेब धरून नमुना सावरलाच नव्हता. हे मला तेव्हा अर्थातच माहीत नव्हतं. टूलरूममधल्या कुणालाही कधी चाचणीचा फोन आल्याचं ऐकलं नव्हतं, एवढंच माहीत होतं.

टूलरूममधला सगळ्यात जुना डायमेकर, म्हणजे पत्रा दाबायचे साचे करणारा, माझा मित्र. साठीला टेकलेला, बोलणं कमी, चष्मा कपाळावर. डायची धार बोटाने चाचपून सांगायचा आणि मग मी सीएमएम ह्या मोजणी यंत्रावर मोजून तेच आकडे काढायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, की टीव्हीवर रोज मिडल क्लास, मिडल क्लास चाललंय, तर इथे नेमकं बिघडलंय काय? त्याने खिशातून एक रिजेक्शन टॅग काढला, पाठीमागे उभी रेघ मारली. डावीकडे बाप, उजवीकडे मुलगा. दोघंही चोविसाव्या वर्षी. बापाखाली लिहिलं: वॉरनमध्ये विटांचं घर, बायको घरी, दोन मुलं, बोट, अप नॉर्थला तळ्याकाठी खोपटं. मुलाखाली: कंत्राटी एजन्सीचा बिल्ला, तासाला चौदा डॉलर, माझं तळघर. मधे तो स्वतः कुठेच नव्हता. मी तसं म्हटल्यावर म्हणाला, मी ती रेघ.

‘अप नॉर्थ’ हे मिशिगनच्या कामगाराचं कोकण समजा. उत्तरेकडच्या जंगलात, तळ्याकाठी स्वतःची लाकडी खोली असणं ही तिथे श्रीमंती नव्हती. मोटार कारखान्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचा तो जवळजवळ हक्क होता. मग २००७ मध्ये डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी युनियनशी करार केला, त्यात नव्या कामगारांना जुन्यांच्या साधारण निम्मा पगार ठरला. एकाच लाइनवर, एकाच दाराला बिजागरी बसवणारे दोघं, एकाला अठ्ठावीस डॉलर, दुसऱ्याला चौदा-पंधरा. २०१५ च्या कराराने ही दरी आठ वर्षांत हळूहळू बुजवायचं ठरलं. सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्यासारख्या कारखान्यांत तर युनियनही नव्हती.

राष्ट्रीय आकडेही तेच सांगत होते. प्यू संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार १९७१ मध्ये मध्यम उत्पन्न गटात ६१ टक्के प्रौढ होते, २०१५ मध्ये जेमतेम निम्मे. फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत ४६ टक्के लोकांनी सांगितलं होतं, की अचानक ४०० डॉलरचा खर्च निघाला तर तो कर्जाशिवाय किंवा काही विकल्याशिवाय भागणार नाही. पण आकड्यातलं मध्यम उत्पन्न हातातून गेलेलं माणूस सहन करतो, निदान कुरकुरत सहन करतो. डायमेकरचा सल होता तो क्रमाचा. बापाला मिळालं, मला टिकवता आलं, मुलाला मिळणार नाही.

त्या वर्षी गणेश चतुर्थी आणि अमेरिकेचा लेबर डे एकाच दिवशी आले, ५ सप्टेंबरला. सुट्टीच असल्याने आमच्याकडे गणपतीला ट्रॉय-नोव्हाय भागातली बरीच मराठी मंडळी जमली होती. माझे आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. उकडीचे मोदक आणि निवडणूक दोन्ही वाफाळत होतं. आमचा मध्यमवर्ग म्हणजे दोन पगार, मुलांच्या कॉलेजसाठी दरमहा बाजूला काढलेले पैसे, गणिताचा जादा क्लास. आमच्या काळज्या ग्रीन कार्डच्या रांगेच्या, एच-१बी व्हिसाच्या, कराच्या. एकजण ट्रम्पच्या बाजूने हिरिरीने बोलत होता. कर कमी होतील म्हणून, आणखीही कशाकशासाठी. पुढे ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला हिंदू संघटनेच्या व्यासपीठावर ट्रम्प आले आणि ‘अबकी बार ट्रम्प सरकार’ ही जाहिरातही निघाली, तेव्हा त्याला कोण आनंद! बाकी बहुतेकांना हिलरी येणार ह्यात शंकाच नव्हती. बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. राष्ट्रीयीकृत बँकेत हयात गेलेला माणूस, बोलताना आधी पुरावा मागणार. रात्री सगळे गेल्यावर म्हणाले, “अगं, २००४ ला आमच्याकडे असंच होतं. इंडिया शायनिंगच्या जाहिराती आणि दिवाणखान्यात बसलेल्या सगळ्यांचं एकमत. मतदान करणारा दिवाणखान्यात नव्हता.” त्या निवडणुकीत भाजपला १३८ जागा मिळाल्या, काँग्रेसला १४५, हे त्यांना बारा वर्षांनीही पाठ होतं.

प्रचार आमच्या दारात येऊन गेला. ८ ऑगस्टला ट्रम्प डेट्रॉइटच्या इकॉनॉमिक क्लबमध्ये बोलले, तीनच दिवसांनी हिलरी जवळच्याच वॉरनमधल्या एका टूलिंग कारखान्यात. दोन्ही भाषणं मी वाचली. हिलरींच्या भाषणात योजना होत्या: रस्ते-पूल, कौशल्य शिक्षण, श्रीमंतांवर कर. ट्रम्प कंपन्यांची नावं घेत होते. फेब्रुवारीत कॅरियरने इंडियानापोलिसचा कारखाना मेक्सिकोला हलवायचं जाहीर केलं होतं. सप्टेंबरमध्ये फोर्डने छोट्या गाड्यांचं सगळं उत्पादन तिकडे नेणार म्हणून सांगितलं, आणि त्यावर ट्रम्पचं उत्तर ३५ टक्के आयात कर. माझ्या मते हे फार तर अर्धंच कारण होतं. आमच्या प्रेस लाइनवर पूर्वी एका प्रेसमधून दुसऱ्यात पत्रा सरकवायला माणसं उभी असत, ती मेक्सिकोला गेली नव्हती. तिथे पिवळे रोबोट आले होते. पण मेक्सिको नकाशावर दाखवता येतं, रोबोटवर कुणी भाषण करत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी ओबामाकेअरच्या विम्याचे पुढच्या वर्षीचे हप्ते सरासरी २५ टक्क्यांनी वाढणार, अशी बातमी आली. आमच्या कारखान्याचा विमा त्या योजनेतला नव्हता, तरी त्याच आठवड्यात आमचंही डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, वाढल्याचं पत्र हातात पडलं. कँटीनमध्ये दोन्ही एकच धरलं गेलं. समजावून सांगायला गेले, तर एकजण म्हणाला, फरक असेल, पण खिसा एकच आहे.

डब्यातल्या चिठ्ठ्या मी निवडणुकीच्या आधल्या दिवशी एक्सेलमध्ये उतरवल्या. वरच्या मजल्यावर सरसकट हिलरी. खाली ट्रम्पच्या चिठ्ठ्या बऱ्याच, काही रकाने कोरे. त्या आठवड्यात डेट्रॉइटच्या फ्री प्रेस ह्या वर्तमानपत्राच्या चाचणीत मिशिगनमध्ये हिलरी ४ टक्क्यांनी पुढे होत्या. राष्ट्रीय पातळीवर एका अंदाजात त्यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्के, न्यूयॉर्क टाइम्सच्या अंदाजात ८५, आकडेतज्ज्ञ नेट सिल्व्हरच्या सुमारे ७१. सिल्व्हरवर तेव्हा टीका होत होती, की हा माणूस ट्रम्पला उगाच डोक्यावर घेतोय. मला त्याचंच पटत होतं. गेजमध्ये पद्धतशीर चूक असली तर ती एका नगात राहत नाही, सगळ्या लॉटमध्ये एकाच दिशेने येते. मिशिगन चुकत असेल तर विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियाही चुकत असणार. तिथेही हेच कारखाने, हीच तळघरं. ह्या तिन्ही राज्यांना वेगवेगळे फासे समजणाऱ्यांचे ९९ टक्के होत होते. मी माझ्या चिठ्ठीत दोन्ही रकान्यांत ट्रम्प लिहिलं. नवरा म्हणाला, “तू मत कुणाला देणारेस मग?” हिलरींना. दिलंही.

मतदानाच्या मंगळवारी आम्हाला सुट्टी नव्हती. कामाआधी शाळेतल्या केंद्रावर गेले, बाबा हौसेने बरोबर आले आणि बाहेरच थांबले. मतपत्रिका दोन्ही बाजूंनी छापलेली, लांबलचक, लंबगोल काळे करायचे. अध्यक्षापासून न्यायाधीशांपर्यंत, मिशिगन विद्यापीठाचं मंडळसुद्धा लोक निवडून देतात हे ऐकून बाबा थक्क झाले. “विद्यापीठाची सिनेट निवडायला अख्खं राज्य?” पुणे विद्यापीठाच्या आठवणीने ते बराच वेळ हसत होते.

रात्री मिशिगनचा निकाल लागलाच नाही. पेनसिल्व्हेनिया दीडच्या सुमाराला ट्रम्पकडे गेलं, अडीच वाजता विस्कॉन्सिन, आणि तिथे खेळ आटोपला. मिशिगनची अधिकृत मोजणी २८ नोव्हेंबरला जाहीर झाली: ट्रम्प १०,७०४ मतांनी पुढे, सुमारे ४८ लाखांत. मॅकोम्ब २०१२ मध्ये ओबामांनी साधारण १६ हजारांनी घेतली होती. ती आता ट्रम्पना ४८ हजारांहून अधिक मतांनी गेली. म्हणजे एकट्या ह्या काउंटीने राज्य फिरवलं, असं म्हणता येतं. डेट्रॉइट शहरात घटलेल्या मतदानानेही फिरवलं, असंही म्हणता येतं. १०,७०४ इतका लहान आकडा असला की प्रत्येकाला आपापलं कारण पुरतं.

मला मात्र दुसरा आकडा सोडेना. मिशिगनमध्ये सुमारे ७५ हजार मतदारांनी रांगेत उभं राहून मतपत्रिका घेतली, बाकीचं भरलं आणि अध्यक्षाचा रकाना कोरा सोडला. फरकाच्या सातपट.

डबा डायमेकरने जिंकला होता. पैसे द्यायला गेले तेव्हा मी त्याला ह्या कोऱ्या रकान्यांविषयी सांगितलं. तो नोटा मोजत म्हणाला, त्यातला एक माझा. मी म्हटलं, आणि चिठ्ठीत दोन्हीकडे ट्रम्प?

“तू विचारलं होतंस कोण येणार. कोण हवा, ते विचारलं नव्हतंस.”

मग मतदानाला गेलास तरी कशाला, ह्यावर त्याच्याकडे तयार उत्तर होतं. काउंटीच्या सार्वजनिक बांधकाम आयुक्ताची निवडणूक होती. १९९३ पासून खुर्चीवर असलेल्या अँथनी मॅरॉक्कोंविरुद्ध कँडिस मिलर उभ्या होत्या, आणि ह्या खात्याचं मुख्य काम गटारं. त्यात त्याने मत दिलं होतं, विचार करून. मिलर जिंकल्या. नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांनी पदभार घेण्याआधीच, फ्रेझरमध्ये फिफ्टीन माइल रोडखालची मोठी गटारवाहिनी कोसळली, रस्त्याला प्रचंड खड्डा पडला आणि शेजारची घरं खाली करावी लागली. जानेवारीत कामावर आल्या आल्या त्याने मला वर्तमानपत्रातला तो फोटो दाखवला. “बघ, निदान इथे फोन कुणाला लावायचा ते मला माहीत आहे.”