आधी जोडाक्षर, मग उडी

माझा भाचा आणि त्याची चित्रकार मैत्रीण यांनी गेम करायचं ठरवलं, तेव्हा संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं. सह्याद्रीच्या घाटवाटांवरून टपाल पोचवणारी एक मुलगी, वाटेत भेटणारे धनगर, गुरव, शाळामास्तर आणि त्यांच्याशी होणारं बोलणं. सगळं मराठीत. गेम टूडी, बाजूने दिसणारा. चित्रं १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांची. पैसे तिघांपैकी कोणाकडेच नव्हते. अशा मंडळींना पहिल्याच पायरीवर ठरवावं लागतं, की इंजिन कोणतं घ्यायचं.

चित्र पडद्यावर आणणं, बटण दाबलं की पात्र हलवणं, ते जमिनीतून आरपार जाणार नाही हे पाहणं, आवाज वाजवणं ही कामं प्रत्येक गेमला लागतात. ती आधीच करून ठेवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे इंजिन.

त्या दोघांनी आपल्या आवडत्या गेमांची कुळकथा काढली, तेव्हा ती ऐकायला मीही बसले. टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ (२०१५) गेममेकरमध्ये झाला. हे साधन मार्क ओव्हरमार्स या डच प्राध्यापकाने १९९९ मध्ये सुरू केलेलं. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट’ (२०१७) युनिटीतला. एरिक बरोनने एकट्याने वर्षानुवर्षं खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या चौकटीवर उभा राहिला, इंजिन असं त्यात नव्हतंच. ‘बालात्रो’ (२०२४) हा पत्त्यांचा गेम तर लव्ह नावाच्या लहानशा चौकटीवर, लुआ भाषेत लिहिलेला. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ ब्राउझरसाठीच्या फेझरवर सुरू झाला आणि पुढे युनिटीत हलवावा लागला. या यादीतून कुठलंच इंजिन बाद होत नव्हतं. आपल्या गेमला काय लागतं, हेच आधी बघायला हवं होतं.

भाच्याचा कल युनिटीकडे होता. शिकायला साहित्य भरपूर, आणि नोकरीच्या जाहिरातींतही तेच नाव पुन्हापुन्हा दिसतं. पण १२ सप्टेंबर २०२३ ची घोषणा त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. त्या दिवशी युनिटीने सांगितलं, की ठरावीक मर्यादेपुढे गेलेल्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क लागेल. फुकट परवान्यावर मर्यादा होती वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल. त्यापुढे दर इन्स्टॉलला २० सेंट. आधीच बाजारात आलेले गेमही त्यात धरले होते. जगभरातून विरोध झाला, दहा दिवसांत अटी सौम्य झाल्या, ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्कच रद्द झालं. आमच्या गेमला ती मर्यादा कधी शिवणारही नाही, असं मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, “आत्या, प्रश्न पैशांचा नाही. काम अर्ध्यावर असताना अटी बदलता येतात, हे एकदा दिसलं ना.” मला त्याचं पटलं.

त्याच घोषणेनंतर ‘टेरारिया’ करणाऱ्या री-लॉजिकने गोडो आणि एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. गोडो हे अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांचं इंजिन. २०१४ पासून ते एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुलं आहे, म्हणजे शुल्क नाही आणि उत्पन्नात वाटाही नाही. टूडीसाठी त्यात वेगळी व्यवस्था आहे. तिथलं माप थेट पिक्सेलमध्ये चालतं, त्यामुळे १६ पिक्सेलचा चौकोन बरोबर १६ पिक्सेलच पुढे सरकतो. चित्रकार मुलगी त्यावर खूश झाली.

माझी कसोटी वेगळी होती. मी त्यांना एक ओळ लिहून दिली, ‘किल्ल्याच्या मार्गावर रात्री पक्षी ओरडतात’, आणि प्रत्येक इंजिनात ती उमटवून दाखवा म्हटलं. एका इंजिनात ‘कि’ची वेलांटी क सोडून पुढच्या ल-वर गेली, ‘मार्ग’चा रफार उतरून नुसता पाय मोडलेला र राहिला आणि ‘रात्री’चे तुकडे झाले. त्या इंजिनाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही अडचण एकट्याची नाही. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीतही ती होतीच.

कारण असं आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, पण काढायची असते त्याच्या आधी. ‘क्ष’ साठवला जातो क, हलन्त आणि ष असा तीन चिन्हांत. ही चिन्हं कशी जोडायची याचे नियम फॉन्टमध्ये असतात, मात्र ते वाचून पाळणारं कोणी लागतं. या कामाला शेपिंग म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत ते हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. १ मार्च २०२३ ला आलेल्या गोडो ४ मध्ये तीच बसवलेली आहे. आमची ओळ तिथे जशीच्या तशी उमटली. शेपिंग नसलेल्या इंजिनांत लोक जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांचा आधार घेतात किंवा मजकुराची चित्रं करून चिकटवतात. संवाद रोज बदलणाऱ्या लेखकाला दोन्ही नकोसं.

एक बारकावा याहून मोलाचा. गेममधले संवाद एकेक अक्षर करून उमटतात. चिन्हं मोजून दाखवली, तर ‘पक्षी’ आधी पक, मग पक्, मग पक्ष असा दिसतो आणि वाचणारं मूल अडखळतं. गोडोत शेपिंग झाल्यानंतर मोजण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर ‘क्षी’ एकदम आली.

गोडोत उणिवाही आहेत. प्लेस्टेशन, स्विच यांसारख्या कन्सोलसाठी त्रयस्थ कंपन्यांची मदत घ्यावी लागते. शिकायला साहित्य युनिटीपेक्षा कमी. कन्सोलवर पोचायचं असतं, तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. आमचा गेम फोनवर आणि शाळेतल्या संगणकावर चालायचा आहे, म्हणून गोडो.

मराठीत गेम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पात्राला पहिली उडी शिकवण्याआधी इंजिनात ‘मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीची चिठ्ठी’ एवढं लिहून पाहा. आणि ते मोडकं दिसलं, तर त्या इंजिनाच्या कर्त्यांना चित्रासकट कळवा.