पासबुके चार, शिल्लक एकच

आमच्या मंदिराचे हिशेब, पाठशाळेच्या नोंदी आणि हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रे आता गुगल ड्राइव्हवर असतात. एकाच खात्याने चार विश्वस्तांच्या संगणकांवर तो फोल्डर दिसतो. म्हणून आपल्यापाशी चार प्रती आहेत, असा पुष्कळांचा समज आहे. बँकेच्या भाषेत हे संयुक्त खाते होय. पासबुके चार, शिल्लक एकच! एकाने फाइल पुसली की ती चारही ठिकाणांहून जाते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते खरी. पण लेखापरीक्षकाने मागेपर्यंत तिची आठवण कोणाला होणार?

धवला ग्रंथ शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरच जपला गेला. प्रती बाहेर आल्या, म्हणून १९३९ पासून तो अमरावतीहून छापता आला. आपल्या नोंदींचीही अशीच निराळी प्रत हवी.

दरमहा सर्व फोल्डर बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून डिस्क संगणकापासून विलग करावी. जोडलेली राहिल्यास व्हायरस तिलाही गाठतो. जागा वाचविण्यासाठी काही फाइली संगणकावर नावापुरत्याच असतात. त्या आधी पूर्ण डाउनलोड कराव्यात. गुगल शीटची संगणकावर दिसणारी फाइल तर केवळ दुवा असते. हिशेब एक्सेल स्वरूपातच उतरवावेत. येथेच बहुतेकांची फसगत होते.

आमची डिस्क मंदिरात नव्हे, कोषाध्यक्षांच्या घरी असते. पर्युषणापूर्वी तिच्यातील चार-दोन फाइली आम्ही दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहतो. यंदा जुनी देणगी-वही उघडली. वडीलधाऱ्यांची मोडी अक्षरे स्वच्छ दिसत होती.