लेकीच्या अंगणातली खोली

आमच्या निपाणीकडे जुनी माणसं लेकीच्या घरी मुक्कामाला बिचकतात. काही घरांत तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, अशी रीत होती. माझी आई शाळेत शिकवलेली बाई; असल्या रीती तिने कधी पाळल्या नाहीत. पण वडील गेल्यावर मी तिला बंगळुरूला, मारतहळ्ळीला घेऊन आले, तेव्हा तिची ट्रंक दोन महिने पलंगाखाली बंदच राहिली. रोजची दोन पातळं खुर्चीच्या पाठीवर असायची. "जावयाच्या घरात किती पसारा मांडायचा गं," एवढंच म्हणायची. माझा नवरा तिला 'आई' म्हणतो, तिच्या हातच्या झुणक्यासाठी ऑफिसातून लवकर येतो. त्याने काही फरक पडत नव्हता. तिला स्वतःचं दार हवं होतं, आणि हे ती मागणार नव्हती.

घरामागे थोडं अंगण आहे. एक नारळ, एक कढीपत्ता, कपड्यांची दोरी. नियमाप्रमाणे मोकळी ठेवायची जागा सोडून तिथे दहा बाय बाराची खोली बसते, हे एका ओळखीच्या इंजिनिअरने मोजून, नकाशा काढून दिलं. कंत्राटदाराला सांगितलं असतं तर सहा आठवड्यांत किल्ली हातात आली असती. पण ती जावयाने दिलेली आणखी एक वस्तू झाली असती. खोली आईची व्हायची असेल, तर तिचा हात तिला लागायला हवा, असं मला वाटलं. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर तपासलेलं. थापी कधी हातात धरली नव्हती. म्हणून रायचूरकडचा एक मेस्त्री शनिवार-रविवारी आमच्याबरोबर काम करायला तयार झाला. तो दाखवणार आणि आम्ही करणार, असं ठरलं.

आई आल्या आल्या विचारत होती, "मराठ्यांची हळ्ळी म्हणायची का ही?" नावामागे तसं काही असेल, असं इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला वाटतं. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले आणि बंगळूर त्यांची जहागीर झाली, हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून कान तिकडे वळतो. शेजारचे लोक दुसरं सांगतात: जवळच्या एचएएलमध्ये 'मारुत' हे लढाऊ विमान झालं, त्यावरून हे नाव पडलं. मारुत पहिल्यांदा उडालं 17 जून 1961 रोजी, आणि गाव त्याहून जुनं आहे. कन्नडमध्ये 'मर' म्हणजे झाड. आईने तिन्ही ऐकून घेतल्या आणि झाडाची निवडली. "झाड सगळ्यांचं असतं की," म्हणाली.

पहिली शिकवण दोरीची. खोलीचा कोपरा काटकोनात आहे हे कसं कळायचं? एका बाजूला सहा फुटांवर खूण करायची, दुसऱ्या बाजूला आठ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा फूट भरलं की कोपरा गुण्यात. हे शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकवतात; मेस्त्रीने ते नाव ऐकलेलं नव्हतं. दुसरी शिकवण पाण्याची. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांवर धरायची. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं, तिथे खूण करायची. यालाच पाणसळ. तिसरा ओळंबा: दोरीला बांधलेलं वजन, ते सांगतं भिंत उभी आहे की झुकली. दोरी, पाणी आणि वजन, एवढ्यावर अख्खं घर उभं राहतं. आईला हे तिन्ही शब्द ठाऊक होते. तिच्या वडिलांनी निपाणीत घर बांधलं, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती आणि भिंतींना पाणी मारायचं काम तिच्याकडे होतं.

पाया खणताना ती खुर्ची टाकून बसली आणि मेस्त्रीशी कन्नडमध्ये बोलायला लागली. मी इथे इतकी वर्षं राहून माझं कन्नड भाजीवाल्यापुरतंच. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही भाषा घरच्याच. ती म्हणाली पाया, तो म्हणाला 'पाय'. ती खिडकी, तो 'किटकि'. मेस्त्री तर दोघांचाही मेस्त्रीच, आणि तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. आमच्या गावांनी गेली कित्येक वर्षं भाषेवरून मोर्चे आणि बंद पाहिलेत. तिथे जन्म गेलेली बाई आणि रायचूरचा गवंडी खड्ड्याच्या काठावर एकेक शब्द ताडून बघत होते, आणि बरेचसे जुळत होते.

अडीच फुटांवर घट्ट मुरूम लागला. बंगळूर शहराखाली जुना कातळ आहे. लालबागेतली टेकडी त्याचीच, सुमारे तीनशे कोटी वर्षांची. दगडी पाया भरून झाल्यावर जोतं किती उचलायचं, यावर मात्र चर्चा झाली. सप्टेंबर 2022 मध्ये या भागात पाणी भरलं, आउटर रिंग रोडवर गाड्या बुडाल्या आणि लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावं लागलं, ते आम्ही पाहिलं होतं. इथली जुनी तळी एकमेकांना 'राजकालुवे' नावाच्या ओढ्यांनी जोडलेली होती. वरचं तळं भरलं की पाणी खालच्यात जायचं. ते ओढे जिथे अरुंद झाले किंवा बुजले, तिथे पाणी रस्त्याने जातं. जोतं दोन फूट ठेवलं. आईला पायऱ्या चढाव्या लागतील म्हणून त्या रुंद आणि बुटक्या केल्या, एका बाजूला कठडा.

विटा आम्ही स्वतः पाडल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' नावाचं केंद्र सुरू झालं. मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रात दाबायच्या, न भाजायच्या विटांवर तिथे पुष्कळ काम झालं. त्या विटा या शहरात आता अनेक घरांना आहेत. आधी बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती, असे थर दिसतात. त्यावरून वाळू किती मिसळायची ते ठरतं. पायाच्या खड्ड्यातली लाल माती चाळली, वरचा काळपट थर बागेला ठेवला, आणि सुमारे सात टक्के सिमेंट घातलं. भाड्याने आणलेल्या हातयंत्राचा दांडा दोघांनी मिळून ओढायचा. एक वीट आठ किलोच्या आसपास. दिवसाला आमच्या ऐंशी-नव्वद व्हायच्या. अकराशे व्हायला सहा शनिवार-रविवार गेले. शेजारची मुलंही दांड्याला लटकायला यायची.

भट्टी नसली तरी या विटांना तीन आठवडे ओल लागते. सिमेंट पाण्यानेच घट्ट होतं. विटा गोणपाटाखाली रचल्या होत्या. त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आईने कुणाला न विचारता घेतलं. पाइप नको म्हणाली, झारी आणली. मी ऑफिसातून फोन केला तर, "आत्ता नको, दुसरं पाणी चाललंय," म्हणून ठेवून द्यायची. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं, की खुर्चीच्या पाठीवर पातळं नाहीत. कपाटात होती.

छपराला जुनी मंगळुरी कौलं मिळाली, पाडलेल्या एका बंगल्याची, पावणेतीनशे. पालथी करून धुताना काहींवर बासेल मिशनचा ठसा आणि 1865 असा आकडा दिसला. ते कौलाचं वय नव्हे. मंगळूरचा कारखाना त्या साली सुरू झाला, आणि पुढेही तो आकडा छापत राहिले. आढं आणि वासे मेस्त्रीने चढवले, रिपा आम्ही ठोकल्या. कौलं खालच्या वळचणीपासून वर लावत जायची. प्रत्येकाची खोबण शेजारच्यात बसते, म्हणून एक फुटलं तर तेवढंच बदलता येतं. दोन कौलं काचेची लावली. सकाळचा उजेड त्यातून थेट जमिनीवर पडतो.

पैशांचा हिशेब आईने वहीत ठेवला होता. सिमेंट आणि कौलं तिच्या पेन्शनमधून आली. यावर तिने कुणाचं ऐकलं नाही. शेवटी निवाडाही तिनेच दिला: छप्पर तिचं, भिंती सगळ्यांच्या, जमीन जावयाची.

ऑक्टोबरच्या पावसात कौलं गळली नाहीत. ती तिथे अजून झोपत नाही. रात्री नऊला कडी लावून, किल्ली कनवटीला खोचून आत येते. पाऊस असला तर डोक्यावर इरल्यासारखं पोतं घेऊन. मी आग्रह करत नाही. पण संध्याकाळी ती तिथे स्वतःच्या शेगडीवर चहा ठेवते आणि दारात उभी राहून माझ्या नवऱ्याला हाक मारते. "जावईबापू, या की चहाला." तो चप्पल बाहेर काढतो, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो, आणि दुसरा कप घेऊ का म्हणून विचारतो.