डिस्क काय म्हणते?

मुलांनो, संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली, तर तुम्ही काय करता? बहुतेक जण घाईघाईने बटण दाबून तो बंद करतात. आमच्या चौथीच्या वर्गाचा नियम वेगळा आहे. आधी वही काढायची आणि संदेश जसाच्या तसा उतरवून घ्यायचा.

डॉक्टर आधी विचारतात ना, नेमकं काय दुखतंय? तसंच हे. 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणजे सुरू होण्यासाठी लागणारी प्रणाली संगणकाला सापडत नाही. डिस्क बिघडलीच असेल असं नाही. कधी कुणी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह आड येतो, तर कधी आतली केबल सैल झालेली असते. 'डिस्क रीड एरर' म्हणजे डिस्क सापडली, पण वाचता येत नाही. आणि 'स्मार्ट स्टेटस बॅड' आलं तर सावध व्हायचं! 'स्मार्ट' ही डिस्कची स्वतःची नाडी पाहणारी व्यवस्था. ती सांगत असते, "माझा भरवसा नाही, सामान हलवा."

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत हाच संदेश आला. त्या डिस्कमध्ये मुलांनी गावातल्या आज्यांकडून ऐकून टाइप केलेल्या ४१ गोष्टी होत्या. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवून बघू." तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "काका, आधी गोष्टी काढून घ्या ना!"

तिचंच खरं होतं. हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वाचणारं हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. दुरुस्तीचा प्रोग्रॅम अख्खी डिस्क तपासतो. आजारी डिस्कला तेवढे श्रम झेपतीलच असं नाही. म्हणून आधी नक्कल, मग उपचार. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर संगणक लगेच बंद करून जाणकाराला गाठायचं.

आमच्या ३९ गोष्टी वाचल्या. दोन फाइली उघडल्याच नाहीत. त्यांतल्या एका आजींकडे मुलं पुन्हा जाऊन बसली. दुसऱ्या आजी आता नाहीत. त्यांची गोष्ट कायमची गेली.

पालकांनो, आज पुष्कळ संगणकांत चकत्या नसलेली एसएसडी असते. तीही कधीतरी बिघडते, आणि दर वेळी आधी सूचना देतेच असं नाही. घरातले फोटो, आजोबांचा आवाज, मुलांचं लिखाण जे काही मोलाचं असेल, त्याची दुसरी प्रत या रविवारीच करून ठेवा. कशाची करायची, ते मात्र मुलांना निवडू द्या.