तात्या विंचू, दुसऱ्यांदा

रायपूर, 8 जून

ती. दादा,


नातू सुट्टीत येतोय, त्याला ‘झपाटलेला 2’ दाखवू की जुना, असं तू फोनवर विचारलंस. जुना आता फारच जुना दिसेल, नव्यात निदान चित्र तरी स्वच्छ असेल, हे तुझं म्हणणं. मी नुसतं ‘बघते’ म्हटलं, कारण नवा मी पाहिलाच नव्हता. ‘नवा’ म्हणायचं खरं, पण तोही 2013 चा. रविवारी दुपारी पडदे ओढून, कूलर लावून टीव्हीवर अखेरपर्यंत पाहिला. ह्यांनी अर्ध्यापर्यंत साथ दिली, मग आंघोळीला म्हणून उठले ते पुन्हा खोलीत फिरकलेच नाहीत.

पहिला आपण कसा पाहिला, आठवतं? मराठी सिनेमा रायपूरच्या टॉकीजमध्ये लागणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. बाबूलाल, शारदा, श्याम, प्रभात, सगळीकडे हिंदीच. आपल्या सिनेमाची कॅसेट नागपूरहून कुणाच्या तरी सुटकेसमधून यायची आणि तात्यापाऱ्यातून बूढापाऱ्यात, तिथून चौबे कॉलनीत अशी घरोघर हिंडायची. आत्या तात्यापाऱ्यात राहायची, एवढ्या भांडवलावर तू तिच्या धाकट्याला सिनेमातल्या खुनी बाहुल्याचं नाव देऊन तात्या विंचू करून टाकलंस, आणि तो बिचारा दहावीपर्यंत ते नाव वागवत होता. बाहुला पहिल्यांदा तोंड उघडतो तो भाग मागे-पुढे करून आपण इतका पाहिला की तिथे टेप घासली गेली. तात्या बोलायला लागला की पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायच्या. मला कित्येक वर्षं वाटे की तो सिनेमातलाच चमत्कार आहे.

आता नव्याबद्दल. बाहुला आहे तसाच आहे. आवाजही तोच, दिलीप प्रभावळकरांचा, आणि त्यात अजून जरब आहे. महेश कोठारे इन्स्पेक्टर जाधव म्हणून परत येतात, मधू कांबीकर आहेत, आदिनाथ कोठारे पहिल्यातला नायक लक्ष्या, त्याचा मुलगा झालाय. तरी हसू येत नाही. मी दोन दिवस याच विचारात होते, पोळ्या लाटतानासुद्धा.

माझ्या मते पहिल्या सिनेमात विनोद तात्याचा नव्हताच. तात्या बिलकूल गंमत करत नाही. त्याला माणसाचा देह हवाय, आणि आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच देहात शिरता येतं, म्हणून तो लक्ष्याच्या मागे लागलाय. सरळ खुनी माणूस आहे तो. हसू येतं ते लक्ष्याचं. बाहुला बोलतो, चालतो, जिवावर उठलाय, हे त्याला एकट्यालाच माहीत, आणि सांगायला जावं तर आईपासून सगळे त्यालाच वेड्यात काढतात. लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे तिथे विनोद ‘करत’ नाहीत. ते खरोखर घाबरतात. डोळे विस्फारतात, वाक्य अर्ध्यात घशात अडकतं, मग नुसता हात बाहुल्याकडे जातो आणि तोवर बाहुला निमूट लाकूड होऊन बसलेला असतो. बाहुला हलवणाऱ्या रामदास पाध्यांचं कसब त्या लाकूड होण्यात आहे, जबड्याच्या उघडझापीइतकंच.

‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेली ही कल्पना. इंग्रजीत ती भयपट म्हणून 1988 साली आली आणि पुढे तिकडेही थट्टेकडे वळली. कोठाऱ्यांनी 1993 मध्ये पहिल्याच फटक्यात ओळखलं की घाबरणारा माणूस चांगला मिळाला तर भीती आणि हसू एकाच माणसाकडून काढता येतं.

दुसऱ्या भागात तो माणूस नाही. बेर्डे 2004 च्या डिसेंबरात गेले, त्यात कुणाचा दोष नाही. पण त्यांची जागा दोघांत वाटली आणि तिथेच बिनसलं. नायकपण आदिनाथला, हसवणं मकरंद अनासपुरेंना. अनासपुरे एरवी मला आवडतात, पण इथे ते विनोद करायलाच येतात, आणि संकट ज्याच्यावर आहे तो देखणा, धीट मुलगा. त्याच्यासाठी काळजात धस्स होत नाही. शिवाय तात्या जिवंत आहे हे आता पडद्याबाहेरच्या पोराटोरांनाही ठाऊक. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे कुणी कुणाला म्हणायचं?

त्यात तो थ्रीडी. मराठीतला पहिला थ्रीडी म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. कोठाऱ्यांना पहिलेपणाची हौस जुनीच, ‘धडाकेबाज’ त्यांनी 1990 मध्ये सिनेमास्कोप केला होता. चष्मा लावून ज्यांनी पाहिला त्यांना मजा आली असेल. आमच्या सपाट टीव्हीवर मात्र वस्तू उगाच कॅमेऱ्याच्या तोंडावर येतात, क्षणभर थांबतात आणि परत जातात. आपण आपले चहा पीत बघत राहतो.

दुसरा भाग उशिरा आला म्हणून बिघडला, असं मात्र मी म्हणणार नाही. सतीश जैनांचा छत्तीसगढी ‘मोर छइंहा भुइंया’ आठव, ऑक्टोबर 2000, छत्तीसगड राज्य व्हायच्या काही दिवस आधीचा. त्याचा दुसरा भाग 2024 च्या मे महिन्यात आला आणि चांगला चालला. आमच्या कामवाल्या बाई नातवंडांना घेऊन गेल्या होत्या. ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसराही वीसेक वर्षांनी आलाच की, एसटीऐवजी रेल्वे घेऊन. तो मी अजून पाहिलेला नाही, आणि घाईही नाही.

‘झपाटलेला 3’ येणार आणि त्यात लक्ष्याला एआयने उभं करणार, असं कोठारे म्हणाल्याचं वाचलं. चेहरा जमेल त्यांना. पण बेर्डे प्रत्येक वेळी वेगळे घाबरायचे, ते त्या यंत्राला कुणी शिकवायचं?

तेव्हा तू नातवाला जुनाच दाखव. प्रिंट धुरकट असली तरी चालेल. बाहुला बोलतो हे त्याला आधी सांगू नकोस, आणि बाहुला बोलायला लागला की नातवाकडे वळून बघूही नकोस, तुला ती खोड आहे. रात्री मुळीच लावू नकोस. आत्याचा धाकटा कॅसेट पाहून आठवडाभर मधल्या खोलीत एकटा जात नव्हता. दुपारी चारला लाव, म्हणजे संपल्यावर त्याला खाली खेळायला सोडता येईल. वहिनीला नमस्कार सांग, आणि तो कुठे किंचाळला ते मला नक्की कळव.

तुझी,
धाकटी